त्यानं दम कुठे घेतला

"थांब! बंद करू नको! त्यानी दम कोठे लिधा?"

आमचे थोरले साडू ओरडले. त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरातून अक्का ओरडत आल्या, "बोलले! बोलले हो हे! बारा दिननं मौन पानीमा गयं!" हातातलं उलथनं त्यांनी नवऱ्याच्या तोंडासमोर असं धरलं की पुढचा शब्द बाहेर पडता तर थेट तव्यावरच गेला असता. साडूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळे मात्र टेपरेकॉर्डरवर खिळले होते. टेपमधल्या माणसाचं आमच्या घराण्याशी कसलंच नातं नव्हतं. तो आपला त्याच दमात बोलत होता.

खानदेशात आवाज नावाचा जो काही माल आहे, त्यातला निम्मा एकट्या आमच्या थोरल्या साडूंकडे आला होता आणि उरलेला बाकीच्यांनी वाटून घेतला होता, असं माझं ठाम मत आहे. ते अमळनेरच्या धान्यबाजारात मापाडी होते. गोणी काट्यावर चढली की तिचा आकडा मोठ्यानं पुकारायचा, आणि दुसरी चढेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा, म्हणजे मोजणी विसरत नाही आणि शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, हमालाला, सगळ्यांना एकदमच कळतं. साडूंचा आकडा याच्याही पुढे जाई. त्यांनी "सात" म्हटलं की तापीपलीकडचे लोक आपल्या गोण्या मोजून बघत. माझ्या लग्नात त्यांनी शेवटचं "सावधान" म्हटलं, तेव्हा गल्लीतल्या दुसऱ्या मांडवातल्या नवरीनं दचकून मुहूर्ताआधीच माळ घातली. त्यांचा संसार सुखाचा झाला असं ऐकतो. मी खोटं कशाला सांगू?

साडूंनी जन्मात कधी "एक" म्हटलं नाही. मापाड्यांची पहिली गोणी एक नसते, "लाभ" असते. इतर मापाडी ही रीत काट्यापुरती पाळत, साडू घरी घेऊन आले. ताटात पहिली भाकरी पडली की "लाभ". धुळ्याच्या गाडीत कंडक्टरला "धुळं, लाभ तिकीट". तो बिचारा लाभ नावाचं गाव तक्त्यात शोधत बसे. आमच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पोरगी लाभ वर्षाची झाली. मी एकदा विचारलं, "साडूभाऊ, एक म्हटल्यानं काय बिघडतं?" तर म्हणाले, "मास्तर, एक म्हनं का मोजनी व्हस. लाभ म्हनं का सुरुवात व्हस." मी इंग्रजीचा शिक्षक. यातलं व्याकरण मी अजून शोधतो आहे.

शिवाय नुसता आकडा त्यांना अळणी वाटे. "लाभ रे लाभ, लाभ रे लाभ" झालं की ते सुटत, "दोन रे दोन, आबाना खळामा कोन? तीन रे तीन, काळी बठ्ठी जमीन! चार रे चार, आबाना मिशीले धार!" ज्याचा माल, त्याच्या नावावर, गावावर, मिशीवर जागच्या जागी जुळवलेलं. लोक दुसऱ्या काट्यावर रांग नसली तरी यांच्या काट्यावर ताटकळत उभे राहत. आपल्या ज्वारीबद्दल काय म्हणतात ते ऐकायचं असे.

तर अशा माणसाचा घसा बसला. आधी घोगरला, मग फाटला, मग आकडा सुरू झाला की अर्ध्यात हवा निघून जाई. धुळ्याच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. बसली तर बसली, नाहीतर कापावी लागेल, आणि कापल्यावर आवाज राहील की जाईल ते सांगता येत नाही. साडूंनी विचारलं, "लाभ महिना?" आणि त्यानंतर ते गप्प झाले. अमळनेरला राहून गप्प बसणं अशक्य होतं, कारण बाजाराचा आवाज त्यांच्या घराच्या ओट्यापर्यंत येई. म्हणून अक्का त्यांना घेऊन आमच्याकडे धुळ्याला आल्या. हातात पाटी दिली. साडू पाटीवरही ओरडत. "चहा" हा शब्द चार बोटं उंच लिहीत आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हं. पहिल्या आठवड्यात पेन्सिलींचा डबा संपला. पण संध्याकाळ झाली की पाटी बाजूला ठेवून भिंतीकडे तोंड करून बसत. बाजारात त्यांच्या काट्यावर एक नवा मापाडी उभा राहिला होता, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांना भीती गाठीची नव्हती, काटा जाण्याची होती.

आता टेपरेकॉर्डर. माझा धाकटा भाऊ तेव्हा कॉम्प्युटरच्या कामासाठी अमेरिकेत अटलांटाला होता. त्यानं शेजारच्या माणसाकडून एक जुना टेपरेकॉर्डर विकत घेतला आणि सुट्टीत आला तेव्हा आम्हाला दिला. त्याची पिन आपल्या भिंतीत बसत नव्हती, बसवली असती तर धूर निघाला असता, म्हणून तो आठ जाडजूड सेलवर चाले. आत शेजाऱ्याची एक कॅसेट तशीच राहिली होती. वरचा कागद घासून गेलेला, नाव नाही, गाव नाही. साडूंचा वेळ जावा म्हणून मी ती लावली. आधी जमिनीखालून यावा तसा ढोल. त्यावर देवळातल्या पेटीसारखे लांबलेले सूर. आणि मग एक माणूस बोलायला लागला. गात नव्हता, बोलतच होता, पण ढोलाच्या मांडीवर बसून.

मी वीस वर्षं इंग्रजी शिकवत होतो. मला त्यातले तीन शब्द कळले आणि त्यातला एक अक्कांसमोर सांगण्यासारखा नव्हता. साडूंनी पाटीवर लिहिलं, "काय म्हनस?" मी म्हटलं, "नीट ऐकू येत नाही." त्यांनी लिहिलं, "मंग पोऱ्हेस्ले काय शिकाडस?" पण दुसऱ्या गाण्यात त्यांचा चेहरा बदलला. ते पुढे सरकले, गुडघ्यावर बोटं वाजवू लागले आणि त्यांनी पाटीभर लिहिलं, "हाऊ मापाडी शे!!!"

यानंतरचे पाच दिवस आमच्या घरात असं मानलं जात होतं की अमेरिकेतल्या एका धान्यबाजारात मोजणी चालू आहे. मी समजावायला गेलो तर साडू हाताने उडवून लावत. पुरावा त्यांच्याजवळ होता. जागच्या जागी जुळवलेली यमकं, समोरच्याला काढलेले चिमटे, मागे हमालांनी ओढलेली "ओ, ओ" अशी री. फक्त एक गोष्ट त्यांना छळत होती. गाण्याचं पालुपद आठ-आठ वेळा येई, तेच शब्द. साडू अस्वस्थ होऊन उठत, खोलीत फेऱ्या मारत आणि पाटी माझ्या नाकासमोर धरत, "दुसरी गोनी कव्हय चढी?" चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. लिहिलं, "गोनी मोठी व्हई."

मग ते दमाकडे वळले. मापाड्याची सगळी विद्या दमात असते. आकडा तुटला की मोजणी तुटली, म्हणून श्वास असा घ्यायचा की कोणाला दिसू नये. हा अमेरिकेतला मापाडी ओळीमागून ओळ टाकत जाई आणि त्याचा श्वास कुठेच सापडत नसे. साडू कान टेपला लावून बसत. तेच गाणं तीसदा, चाळीसदा. त्यातूनच ती बाराव्या दिवसाची आरोळी, उलथनं आणि अक्कांचं रडणं. कारण अक्का खरोखर रडल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लाभ कॅसेटपायी आवाज घालाडतस का?" साडूंनी त्या दिवशी पाटीसुद्धा उचलली नाही.

उत्तर दिलं सेलांनी. ते संपत आले तशी कॅसेट रेंगाळू लागली. आवाज जड झाला, शब्द ओल्या मातीतून चालल्यासारखे पाय उचलू लागले. मी नवे सेल टाकायला उठलो तर साडूंनी माझा हात धरला. तशा संथ चालीत त्यांना ते दिसलं. तो माणूस श्वास लपवत नव्हताच. ढोलाचा ठोका पडला की बरोबर त्याच्या पोटात तो दम घेई, ठोक्याच्या आवाजात श्वास झाकला जाई. आणि तो कुठेही ओरडत नव्हता. शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवत होता, बाजेवर टेकून गप्पा मारणाऱ्या माणसासारखा. साडूंनी पाटीवर लहान अक्षरांत लिहिलं, "वरडत नही तो." त्यांच्या हातचं लहान अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या बाजूला एक हळू गाणं होतं. त्यात त्या माणसाचा दम मधेच, ठोका नसताना तुटे. साडूंनी लिहिलं, "मायनं सांगस." मी कान देऊन ऐकलं. खरंच, दोन ओळींनंतर "ममा" असा शब्द आला.

मी भावाला पत्र लिहून विचारलं, हे कोण आहेत? महिना संपायच्या आधी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लोक. ढोलावर बोलायचा हा रॅप नावाचा प्रकार तिकडे पूर्व-पश्चिम किनाऱ्यांवरच्या मोठ्या शहरांत सुरू झाला आणि ते शहरवाले या दक्षिणेच्या पोरांना हसत. यांची बोली गावंढळ, जीभ जड, यांनी आपलं शेत बघावं. शिवाय तिकडे टेक्सासात एका शहरात लोक मुद्दाम टेप संथ करून ऐकतात म्हणे. हे वाचल्यावर साडूंनी सेलांच्या कप्प्यावर असा हात फिरवला की जणू ती युक्ती अमळनेरहून गेली होती.

पण पत्रातलं ते बोलीला हसणं मी पुन्हा एकदा वाचलं. मी साक्रीकडच्या खेड्यातला. घरी बठ्ठं, म्हणजे सगळंच, खानदेशी बोलून वाढलो, आणि मास्तर झाल्यावर ते इतकं घासून काढलं की आई भेटायला आली तरी तिच्याशी पुस्तकात छापल्यासारखं बोलायचो. वर्गात पोरगं "आहे"ऐवजी "शे" म्हणालं की बाकावर उभं करायचो. हे मी साडूंना सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाटीवर लिहिलं, "मंग त्या गप बसनात का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी ही कॅसेट काढली."

महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. गाठ बसली होती, कापायला नको. पण पुन्हा ओरडलात तर ती येईल, आणि मग मी काही करू शकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अक्कांनी हात जोडले. साडूंचा चेहरा मात्र पडला. न ओरडणारा मापाडी म्हणजे काय, हे त्या आरशाला कुठून कळणार? गाडीत बसताना ते मौन सुटल्यावर पहिल्यांदा बोलले. बसका, खालचा, मऊ आवाज, घासलेल्या कॅसेटसारखा. आपलं तिकीट त्यांनी आपणच मागितलं. म्हणाले, "लाभ तिकीट अमळनेर." कंडक्टर म्हणाला, "काय?"

तरी त्यांनी सोडलं नाही. पुढचे आठ दिवस मी शाळेला दांडी मारून त्यांच्या घरी हमाल झालो. मी खाटेवर गादीची वळकटी आपटायची, धप्प, आणि त्या धपक्याच्या पोटात साडूंनी श्वास घ्यायचा. मग किंचित मागे रेंगाळून आकडा ठेवायचा. मी चुकीच्या वेळी आपटली की ते म्हणत, "मास्तर, तू इंग्रजीच शिकाड." माझी कंबर अजून दुखते.

नवव्या दिवशी ते काट्यावर उभे राहिले. नवा मापाडी बाजूला झाला, पण लांब गेला नाही. माल सोनगीरकडच्या एका म्हाताऱ्या आबांचा होता. बाजार आपल्या नेहमीच्या गोंगाटात. पहिली गोणी चढली, धप्प, आणि साडू हळूच म्हणाले, "लाभ रे लाभ." कोणाला ऐकू गेलं नाही. एक व्यापारी म्हणाला, "मोठ्यानं, भाऊ." साडूंनी आवाज चढवला नाही. अक्का माझ्या शेजारी पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. दुसरी गोणी, धप्प, "दोन रे दोन." तिसरीला हमालच दबक्या पावलांनी चालू लागले, कारण आकडा गोणीच्या आवाजाला चिकटून येत होता आणि त्यांना तो चुकवायचा नव्हता. पाचवीला जवळचे लोक पुढे झुकले. आठवीला शेजारच्या काट्यावरचा माणूस "शू" म्हणाला. "नऊ रे नऊ," साडू रेंगाळले, "आबा, माल तुना मऊ." कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं, दहावी ऐकायला.

आता तिथे विजेचे काटे आहेत. लाल आकडे आपोआप उमटतात, पहिला आकडा "एक" असतो, आणि कोणीही कोणाच्या मिशीबद्दल काही बोलत नाही. मी अधूनमधून जातो. गोणी पडते, मी त्या धपक्यानंतर उगाच थोडा थांबतो, आणि पुढे काहीच येत नाही.

त्या दिवशी शेवटची, बाविसावी गोणी उतरली तेव्हा नवा मापाडी निघून गेला होता. साडूंचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, दुखतंय का ते चाचपलं, आणि मग आबांकडे वळून त्याच मऊ आवाजात विचारलं, "आबा, कसं वाटनं?"

आबांनी तंबाखू मळली, झटकली, दाढेला लावली.

"बावीसच शेतस," ते म्हणाले. "मी बी मोज्यात."