बंगळूरला पडलेला पाऊस

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर ज्वारी निवडत बसलो होतो. खडे मी काढायचे अन् माझ्या नजरेतून सुटलेले तिनं काढायचे, ही आमची रीत. बोलता बोलता घोडीच्या केसचा विषय निघाला. ती म्हणाली, "ज्यानं त्यानं आपली करून सांगितली ती केस. एकदा तुम्ही लिहा की. चुकलं तर मी सांगते." मी नुसतं हूं म्हणालो. सकाळी ती उठली नाही.

आता लिहितोय. चुकलं तर सांगणारं घरात कोणी नाही. माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन घरी आलो. कुणाचं नाव लिहीत नाही. पण तो उन्हाळा डोळ्यापुढून हलत नाही, अन् त्याचा रागही गेलेला नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, उस्मानाबादहून दप्तरं गोणीत भरून येत होती अन् ठाण्यात ती ठेवायला कपाट नव्हतं. वरून दुष्काळ. टँकर आला की निम्मा बंदोबस्त तिकडंच लागायचा. मी जमादार होतो. आमचं क्वार्टर बाजाराच्या मागच्या गल्लीत. आमची ही बाकीच्या बायांसारखीच घागर घेऊन रांगेत उभी राहायची. जमादाराची बायको म्हणून पुढं गेली नाही कधी.

त्याच गल्लीत एका आडत्याचं घर होतं. मूळ उदगीरकडचा. माल येत नव्हता म्हणून आडत बंद, पण घरात फोन होता, अन् गल्लीत फोन एवढा एकच. त्याला घोड्यांचा लई नाद. बंगळूरच्या शर्यतींचं इंग्रजी पुस्तक मागवायचा अन् रविवारी ओसरीवर बसून लोकांना समजावून सांगायचा. कोणत्या घोड्यावर किती वजन लादलंय, जॉकी कोण, मागच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर दम टिकला का, घोड्याची आई कोण, बाप कोण. मग अमुक नंबर येणार म्हणायचा, अन् बऱ्याच वेळा तोच यायचा. लोकांनी त्याचं नाव घोड्याचा मास्तर पाडलं. लोक पैसे लावायचे ते त्याच्याचकडं. हाच मास्तर अन् हाच बुकी. निकाल फोनवर येतो म्हणायचा, तोही त्याच्याच घरात.

हा जुगारच होता. मग धाड का नाही घातली, असं वाचणारा विचारील. दोनदा परवानगी मागितली. वरून दोनदा सांगितलं गेलं, आत्ता नको. त्याच्या ओसरीवर कोण कोण बसायचं ते सांगितलं असतं तर हा कागद पेटला असता.

मे महिन्यात बंगळूरला मोठ्या शर्यतींचा दिवस असतो म्हणे. त्या रविवारी ओसरीवर जत्रा. त्यात आमच्या ठाण्यासमोरच्या अड्ड्यावरचा एक टांगेवाला होता. मूळ चाकूरचा, पन्नाशीचा, सरळ माणूस. बायको मागंच वारलेली, घरी आंधळी आई. एक घोडी, त्यावर घर चालायचं. त्या घोडीचीच काळजी त्याला पोखरत होती. सरकारी चारा डेपोवर गाय, बैल, म्हैस यांना कडबा मिळायचा. घोडं तिथं जनावरात धरत नसत. डेपोवरून त्याला दोनदा हाकललेलं मी पाहिलं होतं. घोडीच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. एकदा नशीब लागलं तर पावसाळ्यापर्यंतचा चारा होईल, एवढाच हिशेब.

त्याच्याजवळ लावायला काही नव्हतं. मास्तर म्हणाला, घोडी लाव. आपल्याकडं बाजारात जनावराचं दावं समोरच्याच्या हातात दिलं की सौदा झाला, मग लिखापढी लागत नाही. मास्तरनं चार माणसांसमोर घोडीचा लगाम मागितला अन् यानं दिला. मास्तरनं सांगितलेला घोडा पाचवा आला.

संध्याकाळी मास्तरचा गडी घोडी न्यायला आला, मागून मास्तर. घोडी जागची हलेना. मास्तरनं टांग्यातला चाबूक उपसला अन् तिच्या तोंडावर ओढला. टांगेवाल्यानं तो हिसकावून मास्तरलाच तीन-चार दिले.

मी ठाण्यात पोचलो तेव्हा मास्तर फिर्यादी होऊन खुर्चीत बसला होता. पांढरं धोतर, गालावर वळ, हातात चहा. टांगेवाला लॉकअपच्या दारापाशी फरशीवर. घोडी बाहेर लिंबाला बांधलेली. ठाण्याच्या साहेबांनी मला सांगितलं, मारहाणीचा गुन्हा दाखल करा, आरोपी कोर्टात, घोडी फिर्यादीला द्या. साहेब वाईट नव्हते. त्यांना आधीच कुठून तरी फोन आला होता.

मी टांगेवाल्याला विचारलं, तुझी काही तक्रार आहे का. फसवलं, जबरदस्ती केली, काहीही. त्यानं मान हलवली.

"न्हाई साहेब. मास्तरनं समदं उलगडून सांगितलं व्हतं. घोडा हारला त्याला ते काय करतील? मी लगाम दिला, घोडी त्यांची झाली. पण तिला माराया चाबूक माझा घेतला. त्ये न्हाई सोसलं."

ज्याला लुटलंय तोच म्हणतोय मला कोणी लुटलं नाही. अशा केसला हात कुठून घालायचा? माझं डोकं उठलं. घोडी मात्र मी दिली नाही. साहेबांना म्हणालो, जबाब पुरे होऊ द्या, सकाळी देतो. मास्तर उठताना म्हणाला, "जमादार, तिला चारा घाला बरं. माझी घोडी आहे."

सकाळी ही आंघोळीचं पाणी काढून देत होती. पाणी बादलीभरच. म्हणाली, "अवो, बंगळूर कितीक लांब हाय?" मी म्हणालो, का. तर म्हणाली, "काल रांगेत मास्तरची माय सांगत व्हती, तिकडं धो धो पाऊस लागलाय. तिथलं आभाळ इकडं याया किती दिस लागत्याल? बाया सगळ्या दक्षिणेकडं तोंड करून बघत व्हत्या."

मी तांब्या खाली ठेवला. रांगेत कधी सांगितलं, विचारलं. ती म्हणाली, टँकर आला तेव्हा, आमच्या घागरी भरायच्या आधी. टँकर आला होता तीनच्या सुमाराला, त्याच्या बंदोबस्ताला मीच दोन शिपाई दिले होते. अन् टांगेवाल्याच्या जबाबाप्रमाणे मास्तर मोठ्या शर्यतीचं समजावून सांगत बसला होता चारला. शर्यत साडेचारला सुटणार म्हणून तोवर पैसे घेत होता.

दुष्काळात माणूस काय वाटेल ते लपवील. चोरी लपवील, उपाशी असल्याचं लपवील. पण कुठं पाऊस पडला ही बातमी त्याच्या पोटात राहत नाही. मास्तरच्या पोटातही राहिली नाही. आईला सांगून बसला.

ठाण्यात जाऊन मास्तरला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. दोन पंच बसवले. मी अडाण्यासारखा विचारायला लागलो, मास्तर, तुम्ही घोडा निवडता कसा, आम्हाला कधी कळणार? तो खुलला. म्हणाला, बारक्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात, तिथं वजन बघायचं. मोठ्या शर्यतीत वजन सगळ्यांना सारखं. तिथं बघायचं मैदान. हा घोडा कडक मैदानाचा. ओल्यात त्याचे पाय उचलत नाहीत.

"मग हारला कसा?"

"नशीब. मैदान कडकच होतं. बंगळूरलाही आपल्यासारखंच कोरडं, थेंब नाही. लोकांनाही मी हेच सांगितलं."

हे मी त्याच्याच शब्दात लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. पंचांच्या सह्या घेतल्या. मग त्याच्या आईला आणायला शिपाई पाठवला. म्हातारी जेवणाचा डबा घेऊनच आली. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची पेटी, पोराला ठाण्यात बघून घाबरलेली. मी तिला खुर्ची दिली. मास्तर उठायला लागला, त्याला बसवलं.

"माय, काल रांगेत पावसाचं काय सांगत होतात?"

म्हातारीचं तोंड उजळलं. "हाव की. ह्या माझ्या अप्पानंच सांगितलं. फोन ठेवला अन् म्हणला, माय, बंगळूरला लई पाऊस, घोडे चिखलात पळाले. मी हात जोडून म्हणलं, देवा शिवा, आमच्याकडं पण बघ."

 म्हातारीनं पोराकडं पाहिलं अन् मग माझ्याकडं. "का वो? खरं न्हाई का?" तिनं विचारलं. मास्तरनं मान खाली घातली होती. त्या माउलीचं मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

घोडे चिखलात पळाले. म्हणजे टँकर आला तेव्हाच शर्यत होऊन गेली होती. यानं वेळ दीड-दोन तासांनी पुढं सांगितली, निकाल खिशात ठेवला, अन् हरलेल्या घोड्याचे आई-बाप लोकांना समजावून सांगत बसला. आधी जे घोडे आले म्हणून नाव झालं, तेही होऊन गेलेल्या शर्यतींचे. तासाभरात त्यानं सगळं कबूल केलं. लोकांना खरे घोडे सांगून सांगून विश्वास पिकवला होता, तो या एका दिवशी कापून घ्यायचा होता.

फसवणुकीचा अन् जुगाराचा गुन्हा दाखल झाला. टांगेवाल्याला जामिनावर सोडलं. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "म्हंजी इद्या खोटी व्हती?" घोडी जात होती याच्यापेक्षा त्याला हे लागलं होतं. मास्तरला मी तेव्हाही माफ केलं नाही, आताही करत नाही.

पुढं कोर्टात मास्तर किरकोळ दंडावर सुटला. दोन वर्षांनी एका सरकारी समारंभात हार घालून पुढच्या रांगेत बसलेला दिसला. ज्यांचे फोन आले होते ते शेजारीच. साहेबांची बदली झाली, बढतीवर. वर्तमानपत्रात छापून आलं की पोलिसांनी हुशारीनं छडा लावला. हुशारी कुणाची ते आता लिहिलं आहे. ती ज्वारी निवडताना हेच म्हणत होती.

मी नोकरीत एवढं शिकलो की गरीब माणूस फसतो तो हावरट असतो म्हणून नाही. समजावून सांगणाऱ्यावर त्याची श्रद्धा असते म्हणून. मास्तर, डॉक्टर, पुढारी, कुणीही असो, इंग्रजी कागद हातात धरून बोलला की आपण ऐकतो. लुटणारा नेमकी तीच श्रद्धा लुटतो. कायद्यात त्याला वेगळं कलम नाही.

हे सगळं नंतरचं. गुन्हा दाखल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारा डेपोवर गेलो. खिडकीवरच्या कारकुनाला म्हणालो, एका घोडीसाठी कडबा पाहिजे. तो मान वर न करता म्हणाला, घोडं जनावरात बसत नाही. मी म्हणालो, घोडी नाही ही, मुद्देमाल आहे. फसवणुकीच्या गुन्ह्यात जप्त, पंचनामा झालेला, टांगेवाल्याच्या ताब्यात सुपुर्तनाम्यावर दिलेला. कोर्टात हजर करेपर्यंत हा माल जिवंत ठेवायची जबाबदारी सरकारची. मेला तर मी लिहून देईन की डेपोनं चारा नाकारला, खाली तुमचं नाव.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आत जाऊन मोठ्या साहेबांना विचारून आला अन् कडबा मंजूर केला. जी घोडी एक घर पोसत होती तिला या सरकारकडं पेंढी नव्हती. तीच मुद्देमाल झाली तर केस संपेपर्यंत चारा. मला तिथं इतका संताप आला की हमाल बोलवायचं सुचलं नाही. पेंढ्या वर्दीवरच खांद्यावर टाकल्या अन् भर बाजारातून, आडत्यांच्या दुकानांसमोरून, टांग्याच्या अड्ड्यावर नेऊन घोडीपुढं टाकल्या.