जमा केलेली भरमार

निवडणूक आली की सरकारला टेकचंद बिसेनची हटकून आठवण येई. एरवी कुत्रंही विचारत नसे. त्याच्याकडे बापापासून चालत आलेली परवान्याची ठासणीची बंदूक होती. नवेगाव बांधकडे तिला भरमार म्हणतात. मतदानाआधी ती ठाण्यात जमा करायची आणि मग हेलपाटे घालून सोडवायची, चाळीस वर्षं हेच. यंदा सत्तरी उलटली होती, गुडघे साथ देत नव्हते. धान निसवला होता, डुकरं बांधीत, धानाच्या खाचरात उतरत होती आणि बंदूक अजून ठाण्यातच.

त्या बंदुकीने त्याने उभ्या जन्मात एक डुक्कर मारलं नाही. छर्रा न घालता नुसती बारूद ठासून बार काढायचा, की कळप पळायचा. खरा नाद जंगलाचा. गावातल्या केशोराव मडावीने त्याला तरुणपणी चिखलातला माग वाचायला शिकवलं, वारा ओळखून दबा धरायला शिकवलं. ते वेड एकदा लागलं ते सुटलंच नाही.

"आता सोडा ना," बायको सुशीलाबाई म्हणाली. "सारे कुंपणाच्या ताराले झटका मशीन लावून राहिले."

"मशीन माग वाचते का?" म्हणत तो ठाण्याकडे निघाला.

शिपायाने भिंतीशी उभ्या केलेल्या बंदुकांतून त्याची काढून दिली. टेकचंदने नळीवरचा गंज अंगठ्याने घासून पाहिला. सवयीने त्याने बारूद ठासायचा गज आत सोडला. रिकाम्या नळीत तो तळाला टेकतो. आज चार बोटं वरच अडला. पुन्हा सोडला, पुन्हा तिथंच.

बंदूक भरलेली होती. त्यानेच ठासलेली, आणि तशीच त्याने ती माणसांच्या गर्दीत आणून ठेवली होती. रिकामी करून द्यावी, हे शेंबडं पोरही सांगेल. कधी भरली, काही केल्या आठवेना.

शिपायाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "सही करा अन् घेऊन जा, बाबाजी."

गप्प राहिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. गप्प राहावं, असं त्याला फार वाटलं.

"साहेब, भरलेली हाये," तो म्हणाला. "मीच तशी देऊन गेलो होतो. ठिणगीची टोपी लावली नाही, उडत नाही. पण नळीत पाणी ओतून ठेवा. अन् परवाना वापस कराचा अर्ज कसा लिहितेत, ते सांगा."

घरी सुशीलाबाईने त्याचे मोकळे हात पाहिले. "बंदूक कुठं हाये?"

"देऊन आलो."

"काऊन?"

वाटेत त्याने खोटं सांगायचं ठरवलं होतं. पण आता तेवढाही जोर उरला नव्हता. तो बाजेवर टेकला.

"मले माझाच भरोसा नाही राहिला वं," तो म्हणाला.