जरीवाल्या काकांची आगगाडी

नव्वदच्या दशकात मी सुरतेत लूमच्या कारखान्यात वायरमन होतो. राहायला शहराच्या कडेला डिंडोलीत, गाव धुळ्याकडचं. सुट्टीच्या दिवशी शहरात जाऊन लोकांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करायचो. अशाच एका रविवारी एका म्हाताऱ्या जरीवाल्या काकांनी मला बोलावलं आणि गच्चीवरच्या खोलीत नेलं. मला वाटलं, टाकीची मोटर असेल. बघतो तर मोठ्या प्लायवूडवर रूळ, बोगदा, स्टेशन आणि बोटाएवढे डबे! परदेशातल्या भाच्यानं त्यांना ती आगगाडी आणून दिली होती.

“भाई, बाहेर बोलू नका. लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं,” काका म्हणाले.

गाडीला वीज देणारा कंट्रोलर जळला होता. रुळाच्या दोन पट्ट्यांत बारा व्होल्ट खेळतात. दोन्हींवर धातूचं काही आडवं पडलं की शॉर्ट. मी आतला ट्रान्सफॉर्मर बदलला, फ्यूज बसवला. पुढच्या रविवारी फ्यूज उडालेला. त्याच्या पुढच्या रविवारीही. रुळांवर मात्र काहीच सापडेना.

“मी तर संध्याकाळी दोन-चार फेऱ्या मारतो, बस्स,” काका शपथेवर सांगायचे.

घरी बायको हसून म्हणाली, “इतला मोठा मानूस नि गाडीसंगे खेयस?” मी मात्र हट्टाला पेटलो होतो.

कारखान्यात दुरुस्त केलेली मोटर आम्ही थेट लाइनीवर देत नसू. आधी सीरिज बोर्डावर, म्हणजे मधे एक बल्ब ठेवून लावायचो. मोटरीत शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पेटतो आणि मोटर वाचते. तेच इथे का करू नये? गॅरेजमधून मोटारीच्या मागच्या दिव्याचा बल्ब आणला आणि कंट्रोलर व रुळांच्या मधे जोडला. गाडी धावू लागली, बल्ब विझलेलाच. मग मी स्क्रूड्रायव्हर रुळांवर आडवा टाकला.

“अरे, अरे!” काका ओरडले.

बल्ब झगझगीत पेटला, गाडी थांबली. स्क्रूड्रायव्हर उचलला, बल्ब विझला, गाडी चालू! मग काकांनी तो स्वतः दहा वेळा टाकून पाहिला.

पुढच्या रविवारी दुपारी बाजारातून परतणारे काका मला नाक्यावरच भेटले. आम्ही गच्चीवर गेलो, तर दार उघडं, आत बल्ब पेटलेला आणि रुळांवर वाकलेल्या बा, म्हणजे काकांच्या पत्नी.

“थांबली. दिवा लागला,” त्या घाबरून म्हणाल्या.

रुळांवर जरीच्या तारांचा बारीकसा गुंता पडला होता. बा खालच्या मजल्यावर जरी गुंडाळायच्या. तारा पदराला चिकटून वर येत. आजवर त्या क्षणात जळून जायच्या, मागे फक्त उडालेला फ्यूज राहायचा. बल्बामुळे पहिल्यांदाच तार शाबूत राहिली होती.

“तू? कधीपासून?” काकांनी विचारलं.

“तुम्ही दुपारी बाजारात जाता ना, तेव्हापासून. रोज.”

मी उगाच पिशवीत पक्कड शोधू लागलो. काकांनी जरीचा गुंता रुळांवरून हलकेच उचलला. मग म्हणाले, “कुठलं इंजिन चालवतेस?”

“हिरवं. बोगद्यातून उलटं पण घेते.”

“उलटं? मला दाखव!” आणि दोघंही लहान पोरांसारखे हसत सुटले.

त्यानंतर बांनी स्वतःचा वेगळा रूळ मागितला. दोन रविवार खपून मी तो घातला. त्यांचा कंट्रोलर वेगळा, बल्बही वेगळा, म्हणजे एकाच्या शॉर्टनं दुसऱ्याची गाडी अडायला नको. वर येताना पदर झटकायचा, असं बांनी आपणहून कबूल केलं.

पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या एकदम सुटल्या. काका कौतुकानं वाकले आणि त्यांचा तारेच्या फ्रेमचा चष्मा घसरून स्वतःच्याच रुळांवर पडला. बल्ब पेटला, त्यांची गाडी जागीच थांबली. बांचं हिरवं इंजिन मात्र डौलात बोगद्यात शिरलं.

“तुमचा दिवा लागलाय,” बा नजर न उचलता म्हणाल्या.

काका डोळे बारीक करून चष्मा चाचपडत राहिले, आणि मी हसू दाबत चहाचा कप तोंडाला लावला.