मामाचं जांभळं आकाश

माझा मामा तीस वर्षं व्हिडिओ गेमची मशीन दुरुस्त करायचा. गेम पार्लर बंद पडलं तेव्हा मालकाने एक जुनं मशीन त्याच्या गळ्यात मारलं. मामी गेल्यापासून खोलीत ती दोघंच. सकाळी सुरू व्हायला दोघांनाही वेळ लागतो.

मी जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारे प्रोग्राम लिहिते. नोकरी सांभाळून, हौसेने. मामाच्या मशीनमधल्या गेमचा चालू सर्किट बोर्ड आता तेवढा एकच उरला होता. त्यावरून रंग जसेच्या तसे उचलायला मी दोन वर्षं दर रविवारी मीटर घेऊन जात होते. आकडे गेमच्या जुन्या फोटोंशी जुळत नसत. मग पुढच्या रविवारी पुन्हा तेच. नको नको झालं होतं.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट खटकली होती. हिरव्या आणि निळ्या रंगाच्या वाटेवर चारशे सत्तर ओहमचे रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे बारके तुकडे, होते; लालच्या वाटेवर मात्र दोनशे वीसचा, म्हणजे लाल जास्तच भडक येणार.

"मामा, हा बदललाय का?"

"छे! कंपनीचाच आहे," म्हणून तो चहा ठेवायला उठला.

शेवटी मी फोटोंनाच खोटं ठरवलं. माझ्या गेममधलं आकाश जांभळट झालं. ते निळं होतं, असं मी नेटवर टाकलेला नमुना पाहून एका जुन्या खेळाडूने कळवलं. आठवण चुकते, मीटर चुकत नाही, असं मी त्याला तोऱ्यात उत्तर दिलं.

एका रविवारी मी मामाला म्हटलं, "सुटले एकदाची! उद्या गेम सगळ्यांसाठी खुला करते."

मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तो रेझिस्टर मी बदललाय," तो म्हणाला. "जळला होता. शनिवारची संध्याकाळ, पोरांची रांग, मालक डोक्यावर. डब्यात होता तो ठोकला, वेळ मारून नेली. आडातच खोट, पोहऱ्यात काय येणार?"

माझं डोकंच फिरलं. "दोन वर्षं, मामा! तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुझं काम महिन्यात उरकलं असतं. मग रविवारी कोण येणार होतं?" त्याने बाहीने मशीनची काच पुसली. "पण उद्यापासून लोक हेच खरं धरतील. ते नको."

मी मीटर पिशवीत टाकला आणि निघून आले. घरी एकच आकडा बदलला आणि सगळे रंग फोटोंशी जुळले. पाच मिनिटांचं काम. त्या खेळाडूची माफी मागितली. आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त थकवा जाणवला.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले, तर मशीन आधीच सुरू होतं. मोजण्यापूर्वी ते अर्धा तास तापवावं लागतं. मागचे दोन रविवारही त्याने ते असंच तापवून ठेवलं असणार.

"हिरव्याची मला जरा शंका येतेय," माझ्याकडे न बघता मामा म्हणाला.

हिरवा अगदी बरोबर होता. मी तो एकोणीस वेळा मोजला होता.

"बघू," मी म्हटलं आणि पिशवीतून मीटर काढला.