गावाचं एक मत

मोहफुलांचा वास आला की ती दुपार आठवते. विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या सभेवर पदवीधर आपली माणसं निवडत, आणि आरमोरीजवळच्या आमच्या खेड्यात पदवीधर एकटे वडीलच. त्यांचं मत मागायला नागपूरचे एक प्रोफेसर बैलबंडीने आले, तेव्हा मोहफुलं वाळत घातलेल्या आमच्या अंगणात अख्खं गाव जमलं. मत गावाचंच होतं ना. वडिलांनी सगळ्यांना विचारलं, "बोला, काय मागाचं?" मग दारामागून आई म्हणाली, "चांद्याले कॉलेज काढा म्हना. पोरगी नागपूरले गेली तं मले करमनार नाई." प्रोफेसरांनी दाराकडे वळून हात जोडले. पुढे चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, कॉलेज निघालं आणि मी तिथेच शिकले. आता कुणी माझं मत मागायला आलं, की मी आधी आमच्या दारामागे कोण उभं आहे ते बघते आणि काय मागायचं ते तिलाच विचारते.