फाटकाबाहेरची आते

वहिनींनी डब्यावर डेटॉलचा फवारा मारला तेव्हा आते अजून फाटकातच उभी होती. माझ्याकडे बघून हात हलवत.

आधी पिशवीवर. मग झाकणावर. मग ज्या पायरीवर उभं राहून तिने बेल वाजवली होती त्या पायरीवर. आतेचा हात थांबला. ती वळली आणि भुरभुर पावसातून बसस्टॉपकडे निघाली.

वाढदिवस माझा होता. मागच्या महिन्यातली गोष्ट.

आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये मी मास्टर्स करते आणि शनिवार-रविवार म्हाताऱ्यांच्या एका नर्सिंग होममध्ये केअररचं काम. तिथल्या बहुतेक केअरर फिलिपिनो. मोठ्या बहिणीला त्या आते म्हणतात, म्हणून त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईला मीही आते म्हणते. यंदा एप्रिलमध्ये कोरोनाने तिथली म्हातारी माणसं एकामागून एक गेली. पोटच्या मुलांना आत यायला बंदी होती. त्यांचे हात शेवटी आतेने धरले. गावाने दारात येऊन टाळ्या वाजवल्या. वहिनींनीही वाजवल्या, व्हिडिओ टाकला.

वाढदिवसाला त्यांच्यात लांब नूडल्स करतात. तोडायच्या नाहीत, आयुष्य लांबतं म्हणे. आतेने त्या आपल्या सुट्टीच्या दिवशी करून आणल्या होत्या.

"ती लोकं काय काय खातात, माहितीये का तुला? कुत्रीसुद्धा," वहिनी म्हणाल्या. "मागच्या पायरीवर बसून खा. मनाला लावून घेऊ नकोस हं, कोरोना आहे म्हणून गं."

वहिनी म्हणजे माझ्या घरमालकीण, पुण्याच्या. त्यांच्याकडे मी खोली घेतली तेव्हा "घरचीच आहेस, बस गं" म्हणून मला टेबलावर वाढायच्या. मग एका रविवारी मी पप्पांशी व्हिडिओ कॉलवर होते. वहिनी मागून वाकून "नमस्कार काका" म्हणाल्या. पप्पांच्या मागे भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. वहिनींची नजर पप्पांवरून फोटोवर गेली. तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनवर एक कप आणि एक ताट होतं.

"तुझं वेगळं ठेवलंय. तू तिकडे काम करतेस ना."

तिकडे मी पहिल्यापासूनच काम करत होते. मी "ओके" म्हणाले. ओके म्हणायची सवय आहे मला. इंग्रजीत कुणी आडनावामागचं विचारत नाही, असं पप्पांना वाटायचं. म्हणून त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. मी झूमवरही कॅमेरा बंद ठेवणारी मुलगी. कोरोनाचं कारण मी खरं मानलं. ते मानणं सोपं होतं.

पण वाढदिवसाच्या त्या दिवशी टेबलावर सोडा ब्रेड होता. शेजारच्या मॉरीनने सकाळी दिलेला. मॉरीन आमच्याच नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला बसते. वहिनींनी तो ब्रेड हातात घेतला होता, वास घेतला होता, लोणी लावून उभ्याउभ्या खाल्ला होता.

मी म्हणाले, "मॉरीनच्या ब्रेडवर फवारा नाही मारलात."

"अगं, ती गोष्ट वेगळी."

"कशी?"

"मॉरीन स्वच्छ असते."

"तिथे सगळ्यांना स्वच्छ आतेच करते, वहिनी."

त्यांचा चेहरा लाल झाला. "हे बघ, उगाच भलता अर्थ काढू नकोस. आम्ही जातबीत काही मानत नाही."

जात हा शब्द मी काढला नव्हता. त्या घरात तोवर तो कुणीच काढला नव्हता.

बाटली आयर्लंडची होती. हात तोच. माझ्या आजीच्या ओंजळीत उंचावरून पाणी सोडणारा.

मी डबा उचलला. झाकण पुसलं. खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसले आणि खाल्लं. हाताने. वहिनी सिंकपाशी उभ्या होत्या. त्यांना "ऊठ" म्हणता येईना. म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात मी ते घर सोडलं. आता आतेच्या घरात राहते, एका खोलीत तिघी.

कामावर आते म्हणाली, "युअर लँडलेडी व्हेरी क्लीन, हा? नेक्स्ट टाइम आय ब्रिंग माय लाँड्री." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"जस्ट स्माइल, सिस. इट्स ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, चालतंय.

आते इथे वर्षानुवर्षं अशीच हसत आली आहे. तिच्या पगारावर तिकडे फिलिपिन्समध्ये घर चालतं, मला कळतं. पण तिचं हे मी ऐकणार नाही.

उद्या इथल्या मराठी मंडळाची दिवाळी आहे, झूमवर. त्यात माझा सत्कार ठेवलाय. 'आपली मराठी कोविड योद्धा'. आते त्यात नाही, तिच्यासोबतच्या कुणीच नाहीत. सूत्रसंचालन वहिनींचं. काल त्यांचा मेसेज आला: "दोन शब्द बोल हं, छान छोटंसं. आणि मागची भिंत साधी ठेव."

फोटो मी आज लावला. कॅमेऱ्यात नीट येतो का, बघून घेतलं.

उद्या वॉशिंग मशीनवरचा कप सांगणार आहे. पायरीवरचा फवारा सांगणार आहे. कुणाच्या घरात ते घडलं, नाव घेऊन सांगणार आहे, मराठीत. त्यांनी मला म्यूट केलं तर केलं. कोणी केलं ते सगळ्यांना कळेल.

कॅमेरा मी बंद करणार नाही.