अकरा पाठी

लग्न होऊन पनवेलला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात तोंड धुवायला गेले, तर पेरूच्या झाडाखाली एक खाकी तंबू उभा होता आणि त्यातून दोन पावलं बाहेर आली होती. मला वाटलं, लग्नाला पाहुणे फार झाले, घरात जागा पुरली नाही. स्वयंपाकघरात येऊन मी जाऊबाईंना हळूच विचारलं, "ते पाहुणे अजून निजलेत. चहा तिकडेच नेऊन देऊ का?" जाऊबाईंना सगळे माई म्हणत. त्या विळीवरून न उठता म्हणाल्या, "पाहुणे कसले, थोरले दीर आहेत ते तुझे. सराव चाललाय त्यांचा."

कशाचा सराव, ते विचारायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. पण तेव्हापासून ते माझे तंबूभावोजी झाले आणि वर्षाच्या आत सगळी आळी त्यांना तेच म्हणू लागली. त्यांना राग नव्हता. उलट कुणी नुसतं भावोजी म्हटलं, तर ते जरा हिरमुसायचे.

भावोजी मीठ खात्यात कारकून होते. पनवेलपासून उरणपर्यंत खाडीकाठी जेवढी मिठागरं होती तेवढी त्यांनी सायकलवरून पालथी घातली होती. त्यांचा जुना साहेब स्कॉटलंडचा. त्याने म्हणे तरुणपणी आपल्या मुलखात बारा दिवस एकट्याने सायकल हाकली होती. संध्याकाळ होईल तिथे, तळ्याकाठी नाहीतर माळावर, तंबू ठोकायचा आणि सकाळी उपटून पुढे निघायचं. कुणी हटकणारं नाही, कुणी विचारणारं नाही. भावोजी हे सांगायला लागले की त्यांच्या ताटातली आमटी थंड होऊन जायची. "मेंढ्या होत्या, कुसुम," ते मला सांगायचे, "पण मेंढ्या विचारत नाहीत, तुम्ही कोण, कुठले, जेवलात का."

स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी निघाला तेव्हा तो तंबू त्याने भावोजींना दिला. सोबत एक पाकीट दिलं, स्वतःचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिलेलं आणि राजाचं तिकीट लावलेलं. खात्याच्या परीक्षेपुरत्या शिकलेल्या मराठीत तो म्हणाला, "एक रात्र. तू, तंबू, कुणी नाही. मग पत्र." भावोजींनी शब्द दिला. पाकीट देवघराच्या फळीवर पंचांगाखाली जाऊन बसलं. राजाचं तिकीट चालेनासं झालं, नवी तिकिटं आली, मग त्यांचे दर वाढले. भावोजी दर वर्षी पोस्टात चौकशी करून कमी पडेल तेवढं तिकीट चिकटवायचे. होता होता पाकिटावर साहेबाच्या पत्त्याला दाटीवाटीने राहावं लागू लागलं.

त्यांना वाटलं होतं, एका हिवाळ्याचं काम आहे. एक रात्र एकटं झोपायचं, त्यात काय मोठं? पण स्कॉटलंड कुठे आणि पनवेल तालुका कुठे, हा विचार त्यांनी केला नव्हता. माईंनी केला होता. भावोजी निघाले की त्या चार माणसांचा डबा भरायच्या. "अगं, मी एकटा जातोय," भावोजी चिडायचे. माई झाकण घट्ट लावत म्हणायच्या, "हो, पण परत एकटे येणार नाही." डबा कधीही भरलेला परत आला नाही.

पहिला प्रयत्न मी यायच्या आधी पळस्प्याच्या पलीकडे एका शेतात झाला होता. ते शेत चांगोबाचं. हा चांगोबा पुढे आमच्याकडे इतका येऊ लागला की त्याचा चहाचा कप वेगळा ओळखता यायचा. भाजी घेऊन बाजाराला आला की ओट्यावर टेकायचा आणि तीच गोष्ट दर खेपेला नव्याने सांगायचा. "मी बघतो त काय, मिठाचे भाऊ माज्या वावरात खुंट्या ठोकतान. मी बोललो, भाऊ, घरी भांडान झाला काय? त बोलतान नाय. बोललो, नोकरी गेली काय? बोलतान नाय. मंग बोललो, आजारी हाव काय? त स्कॉटलंड बोलतान. मना वाटला, आजाराचा नाव हाय."

चांगोबाने भावाला हाक मारली, भावाने आणखी दोघांना. माणूस आपल्या शिवारात उघड्यावर झोपला तर गावाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, यावर चौघांचं एकमत झालं. भावोजी हट्टाला पेटले, "मी तंबूतच झोपणार." तेव्हा त्या चौघांनी तंबू खुंट्यांसकट उचलला आणि चांगोबाच्या ओटीवर नेऊन उभा केला. शेणाने सारवलेल्या ओटीवर तंबू, तंबूत भावोजी आणि तंबूच्या चारी बाजूंना चांगोबाचं खटलं. एक पोर तर तंबूतच आलं, कारण त्याला तो फार आवडला.

दुसऱ्या वर्षी ते मुद्दाम लांब, न्हाव्याच्या बाजूला खाडीकाठी गेले. तिथे लोकांना वाटलं, सरकारी तंबू आला, आता जमिनीची मोजणी होणार. दिवेलागणीच्या आत निम्मं गाव अर्ज घेऊन हजर. भावोजी रडकुंडीला येऊन सांगत होते की मी कुणीही नाही, मी नुसता झोपायला आलोय. पण रीतसर तंबू ठोकून बसलेला माणूस कुणीच नाही, हे कोण मानणार? शेवटी त्यांनी कंदिलाच्या उजेडात फुटलेल्या बांधाबद्दलचा अर्ज सगळ्यांच्या वतीने लिहून काढला आणि योग्य त्या कचेरीत नेऊन दिला. पावसाळ्याच्या आधी बांध दुरुस्त झाला. इतक्या वर्षांत न हललेला कागद तंबूने हलवला, ही बातमी साऱ्या खाडीकाठाला पसरली आणि भावोजींचं नशीब आणखी बिघडलं.

तिसऱ्या वर्षी कर्नाळ्याच्या पायथ्याला जंगलाच्या कडेने गेले. तिथे शेत नाही, ओटी नाही, अर्ज नाही. होतं ते एक कातकरी कुटुंब. त्यांच्या झोपडीत पाहुण्याला न्यायला जागा नव्हती, म्हणून ते आपलं बिऱ्हाड घेऊन पाहुण्याकडे आले. "बिबट्या हिंडतोय," म्हातारी म्हणाली आणि तंबूच्या दाराशी शेकोटी पेटवून बसली. तिने भाजलेला कंद भावोजींना दिला, भावोजींनी माईंचा डबा उघडला. सकाळी घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, "कुसुम, बिबट्या आला असता तरी चाललं असतं. तो तरी एकटा असता."

या सगळ्यात खरी बदनामी कुणाची झाली असेल तर माईंची. पनवेल तालुक्यात कुणाचाही नवरा तंबू घेऊन बाहेर पडत नव्हता, यांचाच पडत होता. मग दोष कुणाचा, हे सांगायला पंचांग लागत नाही. बाजारात कोळणी त्यांना मायेने समजवायच्या, "बाय, जरा गोडीन बोलत जा." माईंनी एकदाही खुलासा केला नाही. एकदा मीच न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्यापासून पळत नाहीत गं ते. लहानपणापासून अकरा भावंडांत वाढले. स्वतःच्या अंगावरचं पांघरूण कधी पुरतं मिळालं नाही त्यांना. मिळू दे एक रात्र." हे ऐकल्यापासून मला त्या तंबूचं हसू कमी येऊ लागलं. ती एक रात्र त्यांना मिळायलाच हवी, असं मला मनापासून वाटू लागलं.

आणि म्हणून मी खोटं बोलले.

चांगोबा चहा पीत ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, "चांगोबा, भावोजींचा नवस आहे. एक रात्र उघड्यावर तंबूत झोपायचं. माणसाशी बोलायचं नाही, माणसाचं तोंड पाहायचं नाही." चांगोबाने कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत समजूत आली. "मंग असा पयला सांगाचा ना," तो म्हणाला. "कंच्या देवाचा?"

याचं उत्तर मी ठरवलं नव्हतं. "लांबचा आहे," मी म्हटलं.

"जागृत हाय?"

"हो."

"मंग भाऊंना सांगा, माज्याच वावरात या. एक मानूस समोर येनार नाय. शबूद हाय माजा."

त्या वर्षी भावोजी पुन्हा पळस्प्याला गेले. नवसाचं त्यांना ठाऊक नव्हतं. चांगोबाने बोलावलंय आणि कुणी त्रास देणार नाही म्हणालाय, एवढंच मी सांगितलं होतं. माईंनी सवयीने चार माणसांचा डबा भरला. रात्रभर आम्ही दोघी जावा इकडे कूस बदलत होतो, जणू काही मुलगाच परीक्षेला बसला होता.

सकाळी सायकलची घंटा वाजली. भावोजी आले, पाय धुतले, देवघरात गेले. फळीवरचं पाकीट त्यांनी हातात घेतलं तेव्हा माईंनी माझा दंड धरला. भावोजींनी पाकिटावरची धूळ झटकली आणि ते पुन्हा पंचांगाखाली ठेवून दिलं.

"अकरा जण होते," चहा पिता पिता ते म्हणाले. "बांधावर ओळीने. सगळे माझ्याकडे पाठ करून बसलेले. उजाडल्यावर दिसले. चांगोबा रात्रभर खोकला दाबत होता, तो मला तंबूत ऐकू येत होता. मी त्यांना विचारलं, हे काय? तर कुणी बोलेना. हातांनीच खुणा करतात, बोलू नका, बोलू नका."

मी रडवेली होऊन सगळं कबूल केलं. भावोजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग इतके हसले की चहा सांडला. मी म्हटलं, "पण भावोजी, कुणी बोललं नाही, कुणाचं तोंड दिसलं नाही. लिहा ना पत्र. साहेब काय बघायला येणार आहे?" ते हसायचे थांबले. "नाही, कुसुम. एकटं म्हणजे एकटं. अकरा पाठी चालत नाहीत."

माझ्या खोटेपणाची फळं त्यांना पुढे कितीतरी वर्षं भोगावी लागली. त्याच आठवड्यात चांगोबाचा हरवलेला बैल आपण होऊन घरी आला. झालं, लांबचा देव जागृत ठरला. पुढच्या हिवाळ्यात भावोजींनी तंबू ठोकला तिथे नारळ आले. त्याच्या पुढच्या वर्षी बाया तंबूभोवती प्रदक्षिणा घालू लागल्या आणि एका नवऱ्या मुलीच्या आईने खुंटीला हळदकुंकू वाहिलं. एका गावाने तर भावोजींना निरोप पाठवला की यंदा जमत नसेल तर नुसता तंबू पाठवा. भावोजी मला दिसतील तिथे हात जोडायचे. "कुसुम, तुझ्या देवाला सांग, आता पुरे."

मग निवृत्ती आली, गुडघे गेले, सायकल ओट्याला टेकून राहू लागली. तंबू परसातही उभा राहीना. पाकिटावर मात्र दर वर्षी तिकीट वाढत होतं.

भावोजी गेले ते पहाटे, झोपेत. त्यांचा मुलगा नाशिकहून यायला दुपार होणार होती. तोवर बातमी खाडीभर पोचली आणि माणसांची रीघ लागली. मिठागरांवरची माणसं आली, न्हाव्याची आली, कर्नाळ्याकडून दोघं चालत आली. आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. उशाशी दिवा आणि चारी बाजूंना माणसं, अगदी चांगोबाच्या ओटीवर होतं तसंच.

माई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "सगळे जरा बाहेर व्हा."

कुणाला समजेना. सासऱ्यांच्या वयाचे एक नातेवाईक म्हणाले, "अहो माई, असं करत नाहीत. मृताला एकटं सोडत नाहीत."

"ठाऊक आहे मला," माई म्हणाल्या. "जिवंतपणीही कुणी सोडलं नाही. जन्मभर एक रात्र मागत होते. रात्र माझ्याच्याने देववत नाही. पाव तास देते."

माणसं एकेक करून अंगणात गेली. माईंनी दिव्यात तेल घातलं, भावोजींच्या अंगावरची चादर चारी बाजूंनी नीट सारखी केली आणि दार ओढून घेतलं. अंगणात शंभरएक माणसं उभी होती आणि एकाचाही आवाज नव्हता. मला रडू आवरेना, म्हणून मी घराला वळसा घालून परसात गेले.

पेरूच्या झाडाच्या अलीकडे, त्या खोलीच्या खिडकीखाली, चांगोबा बसला होता. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून खोकला दाबत. मला पाहून त्याने हाताने खूण केली, बोलू नका.

मी बोलले नाही.

तेराव्यानंतर माईंनी फळीवरचं पाकीट माझ्या हातात दिलं. "मला इंग्रजी येत नाही," मी म्हटलं. "साहेबाला मराठी येत होती," त्या म्हणाल्या. साहेब हयात आहे की नाही, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मी मोठ्या अक्षरात, परीक्षेपुरती मराठी शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहिलं: भावोजी गेले. त्यांनी शब्द पाळला. रात्र नाही, पाव तास. ते, खोली, कुणी नाही.

पाकीट पोस्टात टाकून मी घरी आले. खिडकीखालच्या चांगोबाबद्दल पत्रात काही लिहिलं नव्हतं, आणि माईंनाही मी ते कधी सांगितलं नाही.